खरड छाटणीपासून रॉटरडॅमपर्यंत : नाशिकच्या द्राक्ष निर्यात साखळीची फेरमांडणी

२०१०च्या हंगामात महाराष्ट्रातून, मुख्यतः नाशिक जिल्ह्यातून, युरोपला गेलेली द्राक्षे तिथे पोहोचल्यावर अडकली. माल सडलेला नव्हता, मणी तडकलेले नव्हते, साखरही कमी नव्हती. निघताना त्याच मालाला प्रयोगशाळेचा दाखला मिळालेला होता, अ‍ॅगमार्कचे, म्हणजे सरकारी गुणवत्ता-चिन्हाचे, प्रमाणपत्र होते आणि तो कोणत्या गावातल्या कोणत्या प्लॉटमधून आला याची संगणकावर नोंद होती. तरीही तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसीन’ म्हणून ओळखतात ते वाढनियंत्रक, युरोपीय संघाने ठरवलेल्या किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. खरेदीदारांनी हात आखडता घेतला, भाव कोसळले, आणि ज्यांची द्राक्षे अजून वेलीवरच होती त्यांना ती स्थानिक बाजारात मिळेल त्या दराने द्यावी लागली.

०.०५ मिलिग्रॅम म्हणजे नेमके किती, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचे मर्म कळत नाही. एका मोठ्या कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षे भरली आहेत असे धरले, तर त्या सगळ्या मालात मिळून या रसायनाचे ६५० मिलिग्रॅम एवढेच प्रमाण चालत होते. तापावरच्या एका नेहमीच्या गोळीत जेवढे औषध असते तेवढेच हे वजन. एवढ्या सूक्ष्म मर्यादेचे पालन बंदरावरच्या तपासणीने करता येत नाही आणि पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याच्या जागी, द्राक्षे धुऊनही करता येत नाही. ते वेलीवरच करावे लागते, आणि या विशिष्ट रसायनाच्या बाबतीत तर ते फळ धरण्याच्याही कित्येक महिने आधी करावे लागते. ही गोष्ट साखळीतल्या प्रत्येकाला उमजायला दोन दशके लागली. ती कशी उमजली, त्यासाठी साखळीची मांडणी कशी बदलली आणि त्या बदलाला शिक्षणाची जोड मिळेपर्यंत तो अपुरा का राहिला, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधीची फेरमांडणी : उष्णतेशी सामना

निर्यातीसाठी बागायतदारांनी संघटितपणे उतरायचे ठरवले ते १९९१ साली. त्या वर्षी ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन केलेली ही भागीदारी होती आणि तिच्यामागे राज्य कृषी पणन मंडळ व राष्ट्रीय सहकार विकास निगम यांसारख्या संस्थांचे पाठबळ होते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून काम करत होता, तासगावच्या वसंतराव आर्वे यांच्या ‘तास-ए-गणेश’सारखे वाण बागांमधून निवडले गेले होते, म्हणजे पीक घेण्याचे ज्ञान शेतकऱ्यांपाशी भरपूर होते. ते पीक तीन-चार आठवडे टिकवून परदेशी ग्राहकाच्या हातात ताजे ठेवण्याचे ज्ञान मात्र नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत माल परत फिरला, नाकारला गेला, आणि त्यातून पहिला धडा मिळाला तो तापमानाचा.

फेब्रुवारीतल्या सकाळी दिंडोरीच्या एखाद्या बागेत उभे राहिले की हा धडा डोळ्यांनी दिसतो. उजाडताच काढणी सुरू होते, कारण ऊन चढले की मण्यांत उष्णता साठते. घड देठाला धरून कात्रीने कापायचा, मण्याला बोट लावायचे नाही, कारण मण्यावरची नैसर्गिक पांढरी झाक एकदा पुसली गेली की ती परत येत नाही आणि शिळा माल आणि ताजा माल यांतला फरक ग्राहक त्याच झाकेवरून ओळखतो. क्रेट सावलीत ठेवायचे, झाकलेल्या गाडीतून पॅकहाऊसला न्यायचे, तिथे फुटका, बारीक, रंग उतरलेला मणी छाटायचा, पनेट, म्हणजे ग्राहकाच्या हाती जाणारे छोटे डबे, भरायचे आणि काही तासांच्या आत प्रीकूलिंगच्या खोलीत नेऊन मण्याच्या आतले तापमान चार अंशांच्या खाली आणायचे. पुढे शीतगृहात आणि कंटेनरमध्ये ते शून्याच्या आसपास राखायचे, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर ठेवायची आणि बुरशी येऊ नये म्हणून पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालायचा. या क्रमातली एक पायरी दोन तास लांबली तरी त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. तो तीन आठवड्यांनी परदेशात पेटी उघडल्यावर तपकिरी पडलेल्या देठात आणि मणीगळीत दिसतो, आणि तोवर शेतकऱ्याच्या हाती काही उरलेले नसते.

महाग्रेप्सच्या सभासद संस्थांनी प्रीकूलिंग आणि शीतगृहाच्या सोयी उत्पादकांच्या जवळ आणल्या, ही त्या काळातली खरी फेरमांडणी होती. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये असलेले अंतर मात्र तिने मिटवले नाही, आणि पुढची सगळी संकटे त्याच अंतरातून आली.

२००३ ते २००७ : माहितीची साखळी

२००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि धोक्याच्या सूचना निघाल्या. तोपर्यंत फवारणी हा शेतकऱ्याचा, कृषी सेवा केंद्राचा आणि फार तर शेजाऱ्याचा विषय होता. निर्यातदाराला फवारणीचे वेळापत्रक ठाऊक नसे आणि शेतकऱ्याला युरोपातली मर्यादा ठाऊक नसे. दोघांनाही एकमेकांच्या अज्ञानाची किंमत मोजावी लागली.

यानंतर अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात विकास प्राधिकरणाने, अवशेष नियंत्रणाची योजना आखली आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तिच्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा काम करू लागली. २००६-०७ च्या हंगामापासून या सगळ्याला ‘ग्रेपनेट’ नावाचा संगणकीय आधार मिळाला. युरोपला माल पाठवायचा असेल तर बागेची नोंदणी कृषी विभागाकडे करायची आणि प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक घ्यायचा. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन नमुना घेतो. निकाल थेट त्या जाळ्यावर चढतो आणि अंश जास्त निघाले तर तो प्लॉट तिथल्या तिथे अडवला जातो. पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क तपासणी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र देणारे कार्यालय हे सारे त्याच नोंदीवरून पुढे जातात, त्यामुळे युरोपातल्या पेटीवरचा क्रमांक पाहून उलट्या दिशेने प्लॉटपर्यंत पोहोचता येते.

आपल्या देशात फळपिकासाठी अशी व्यवस्था पहिल्यांदाच उभी राहिली आणि पुढे डाळिंब, आंबा अशा पिकांसाठीही तिचाच कित्ता गिरवला गेला. हे मोठे काम होते. त्याचे मोल कमी न करता एक मर्यादा नमूद करावी लागते. ग्रेपनेटमुळे चूक कोणाची हे कळू लागले, पण ती चूक का घडते हे त्यातून कळत नव्हते. शिवाय ज्या रसायनांची यादी तपासणीसाठी ठरलेली होती, तीच तपासली जात होती. सीसीसी त्या यादीत नव्हते.

सीसीसी निसटले कसे

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो, म्हणून तो सविस्तर मांडतो.

आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी करून नव्या काड्या तयार केल्या जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्या काड्यांतून घड काढले जातात. घड मात्र गोडी छाटणीनंतर तयार होत नाहीत, तेव्हा ते फक्त बाहेर पडतात. डोळ्यांमधले सूक्ष्म घड खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत ठरतात. त्या काळात वेल नुसती फोफावत राहिली तर डोळे वांझ राहतात. म्हणून वाढ थोपवायची, शेंडा मारायचा, सबकेन, म्हणजे बाजूची उपकाडी, घ्यायची, आणि त्याच वेळी सीसीसीची फवारणी करायची, असा परिपाठ होता. वर्षानुवर्षे तो उपयोगी ठरला होता आणि बापाकडून मुलाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे तो गेला होता.

कीटकनाशकांच्या बाबतीत शेतकरी एव्हाना काढणीपूर्व कालावधी पाळायला शिकले होते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत अमुक दिवस ठेवले की अंश खाली येतात, हे गणित त्यांना पटले होते. मे महिन्यात फवारलेल्या औषधाचा फेब्रुवारीतल्या मण्याशी संबंध असेल, हे त्या गणितात कुठेच बसत नव्हते. नऊ-दहा महिन्यांचे अंतर पाहता कोणत्याही समंजस माणसाला ते सुरक्षितच वाटले असते. पण सीसीसी पानावर बसून उन्हाने विरून जाणारे औषध नाही. ते वेलीच्या आत शिरते, रसाबरोबर फिरते आणि खोडा-काडीत टिकून राहू शकते. मर्यादा इतकी बारीक असताना एवढे पुरेसे होते.

म्हणजे ज्या क्षणी माल निर्यातीला अपात्र ठरला, त्या क्षणी तो माल अस्तित्वातही नव्हता. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी गोडी छाटणीनंतर होत होती, नमुना काढणीच्या तोंडावर घेतला जात होता, आणि दोष शिरत होता उन्हाळ्यात. साखळीचा आराखडा काढणाऱ्यांनी तिची सुरुवात जिथे धरली होती, तिच्या कितीतरी आधी ती प्रत्यक्षात सुरू होत होती. कोणी निष्काळजीपणा केला म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या टप्प्यावरचे काम नेमके केले, पण सगळ्या टप्प्यांची मिळून जी एक वेल होती तिचे वर्षभराचे वेळापत्रक कोणाच्याच आराखड्यात नव्हते.

नुकसान मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. युरोपचा बराचसा व्यापार तेव्हा कन्साइनमेंट पद्धतीने चालत असे. माल आधी जायचा, तिकडे विकला जाईल तसे पैसे मागाहून यायचे आणि मधला खर्च वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याला मिळायचे. या पद्धतीत परदेशी बाजाराच्या दाराशी उभी राहिलेली जोखीम सरकत सरकत शेवटी बागेत येते. ज्या बागायतदाराने छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या, म्हणजे वाढीच्या रसायनाच्या, द्रावणात बुडवणे), विरळणी (घडातले जादा मणी काढणे), पेपर (घडाला कागद गुंडाळणे) या सगळ्यासाठी सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज उचललेले होते, त्याच्याकडे ती पुढे ढकलायला कोणी नव्हते.

शिकवायचे काय आणि कोणी

तपासणीच्या यादीत सीसीसीची भर पडली आणि पुढच्या वर्षांत ती यादी वाढत गेली. हा उपाय सोपा होता. अवघड भाग वेगळा होता. ज्या औषधावर घड येण्याची भिस्त आहे ते सोडा, असे शेतकऱ्याला सांगायचे तर घड कशाने येतील हेही सांगावे लागते. बंदी कळवणे आणि पर्याय शिकवणे यांत हाच फरक आहे, आणि बहुतेक सुधारणा तिथेच अडखळतात.

इथे बागायतदार संघ, संशोधन केंद्र आणि निर्यातदारांचे कृषितज्ज्ञ यांनी केलेले काम वाखाणण्याजोगे आहे. छाटणीपूर्व चर्चासत्रांत आणि पुण्याच्या वार्षिक अधिवेशनात वेलीची वाढ औषधाविना कशी रोखायची यावर भर येऊ लागला. नत्र आणि पाणी नेमक्या वेळी आटोक्यात ठेवणे, पानांचे देठ परीक्षण करून स्फुरद-पालाशाची मात्रा ठरवणे, शेंडा वेळेवर खुडणे, काड्यांची गर्दी विरळ करून प्रत्येक डोळ्यावर ऊन पडू देणे, हे सारे द्राक्षशास्त्रात जुनेच होते. सीसीसीच्या सोयीमुळे ते मागे पडले होते. संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला नियमित येऊ लागला, त्यामुळे डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी ‘दर तीन दिवसांनी फवारणी’ या सवयीऐवजी पाऊस, दव आणि वाढीची अवस्था पाहून फवारणी ठरवता येऊ लागली. शिफारस केलेल्या औषधांची आणि त्यांच्या काढणीपूर्व कालावधीची यादी बागायतदारांत ‘अनेक्शर ५’ या नावानेच रुळली आहे. शेडमध्ये भिंतीवर चिकटवलेला तो कागद आणि त्याशेजारी खुंटीला अडकवलेली फवारणीची वही हे दृश्य आज निर्यातीच्या बागेत नवल वाटण्यासारखे राहिलेले नाही.

वहीचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. ग्रेपनेटची नोंद साखळीसाठी होती, वही शेतकऱ्याची स्वतःची होती. निकाल हातात आला की तो वहीतली पाने मागे उलटून कोणत्या फवारणीने काय केले हे स्वतः पडताळू शकतो. चूक आणि परिणाम यांमधले जे अंतर शीतगृहाने मिटवले नव्हते, ते या वहीने कमी केले.

याच काळात संघटनेचे रूपही बदलले. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने उत्पादकांना स्वतःची कंपनी काढण्याचा मार्ग खुला केला होता. कृषी अभियांत्रिकी शिकलेले विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी त्याच मार्गाने गेली आणि द्राक्ष निर्यातीत देशात आघाडीवर पोहोचली. तिच्या रचनेत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की बागेत सल्ला देणारा, माल भरणारा आणि परदेशी साखळी-दुकानांशी बोलणारा हे तिघे एकाच छताखाली आले. युरोपातली मोठी दुकाने कायद्याच्या मर्यादेवर थांबत नाहीत, एका नमुन्यात किती निरनिराळ्या औषधांचे अंश चालतील यावरही त्यांची बंधने असतात. अशी अट बदलली तर ती पुढच्या छाटणीच्या आधी बागेत पोहोचणे गरजेचे असते. पूर्वी ती दलाल, निर्यातदार, पॅकहाऊस असे टप्पे घेत यायची आणि येईतो हंगाम उलटलेला असायचा. पुढे ‘आरा’सारखे परवान्याने मिळणारे नवे वाण बागेत आणण्याचा निर्णयही असाच बाजार आणि बाग यांचे बोलणे थेट झाल्यामुळे घेता आला.

२०१८-१९ मध्ये देशाची ताज्या द्राक्षांची निर्यात सुमारे २ लाख ४६ हजार टन होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ३ लाख ४४ हजार टनांवर गेली आणि तिचे मूल्य ३,४६० कोटी रुपयांच्या घरात होते. यात बांगलादेश, आखाती देश असे युरोपाइतके कडक नसलेले बाजारही आहेत, त्यामुळे ही सगळी वाढ या फेरमांडणीचे फळ आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. रॉटरडॅम बंदरातून नेदरलँड्सला जाणारी वाट मात्र खुली राहिली, हे निश्चितच तिचे फळ आहे.

लांबलेला समुद्र

२०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या ऐन हंगामात मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. प्रवासाला दीड-दोन आठवडे जास्त लागू लागले आणि भाडेही चढले. रस्ता लांबवणारे कारण कोणाच्याच हातात नव्हते. इतके दिवस माल टिकेल की नाही हे मात्र बागेतच ठरत होते. ज्यांनी मण्यांची फुगवण करण्याच्या नादात संजीवकांची मात्रा वाढवली नव्हती, कॅल्शियमची पूर्तता वेळेवर केली होती, काढणी उन्हाच्या आत आवरली होती, त्यांच्या मालाची त्या लांबलेल्या प्रवासात तग धरण्याची शक्यता अधिक होती.

अवकाळी पावसाचे संकट याहून बिकट आहे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या आगाप, म्हणजे लवकर केलेल्या, छाटणीच्या बागा पावसाने धुऊन निघाल्या. पावसापासून वाचवणारे प्लास्टिक आच्छादन हा उपाय माहीत आहे, पण त्याचा एकरी खर्च लहान बागायतदाराला पेलणारा नाही. हा प्रश्न शिक्षणाने सुटणारा नसून भांडवलाचा आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. नाशिक, सांगली, सोलापूरमधली बहुतांश द्राक्षे देशातच विकली जातात. तिथे प्लॉटचा क्रमांक नाही, नमुना नाही, अनेकदा व्यापाऱ्याशी लेखी करारही नाही, आणि माल उचलून पैसे न देता व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. ग्रेपनेटसारखी नोंद देशांतर्गत बाजारासाठी आली, तर खाणाऱ्यालाही आधार मिळेल आणि पिकवणाऱ्यालाही.

शिक्षणाची साखळीही अजून एका जागी तुटलेली आहे. डिपिंग, विरळणी आणि काढणी ही कामे ज्यांच्या हातून होतात त्यांत नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या मोठ्या संख्येने असतात. चर्चासत्राला बागायतदार जातो, टोळी जात नाही. घडात किती मणी ठेवायचे, जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात घड किती वेळ बुडवायचा, हातमोजे का घालायचे, हे त्यांना कामाच्या धावपळीत तोंडी सांगितले जाते आणि पुढच्या बागेत दुसराच मालक वेगळे काही सांगतो. काही ठिकाणी मण्याचा आकार मोजायला भोक पाडलेली पट्टी हातात दिली जाते. मणी त्यातून आरपार गेला तर तो बारीक, अडकला तर ठीक. एवढ्या साध्या साधनाने विरळणीतला वाद मिटतो, कारण मग मुकादमाच्या नजरेवर काही राहत नाही. अशी पट्टी आणि हंगामापूर्वीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मजुरीसह टोळ्यांना त्यांच्याच गावी, सुरगाण्यात, दिवाळीनंतर बागेत उतरण्याआधी देता येईल, आणि त्याचा खर्च पॅकहाऊसच्या पेटीमागच्या आकारात सहज बसेल.